पास्ता : वाळवणाच्या कुळातला

क्रीम आणि सॉसेज घातलेला पास्ता वीस-पंचवीस मिनिटांत होतो, म्हणून तो आळसाचा स्वयंपाक, अशी एक समजूत मराठी घरांत बरीच रुजलेली आहे. तिच्या पोटात आणखी दोन समजुती असतात. एक, हा पदार्थ इटलीचा, म्हणजे परका. दुसरी, झटपट रांधणं ही गॅस, फ्रीज आणि नोकरीच्या काळाची देणगी. तिन्ही समजुतींची चूक एकच आहे. पदार्थ चुलीवर किती वेळ असतो ते त्या मोजतात आणि चुलीवर येण्याआधी त्यातल्या जिनसांचं काय काय होऊन गेलेलं असतं ते सोडून देतात. पेने (नळीसारखा पास्ता), सॉसेज आणि क्रीम या तिन्ही साठवणीच्या वस्तू आहेत. पेनेतलं पाणी काढून ती वाळवलेली असते. सॉसेजचं मांस मीठ-मसाला लावून, आवरणात भरून, शिजवून गोठवलेलं असतं. क्रीम साधारण १३५ अंशांवर काही सेकंद तापवून निर्जंतुक खोक्यात बंद केलेलं असतं. घरी उरतं ते एवढंच, की पहिलं उकळायचं, दुसरं परतायचं आणि तिसरं ओतायचं. स्वयंपाकाचा मोठा वाटा आधीच, दुसऱ्या कुणाच्या तरी हातून उरकलेला असतो. आपल्याकडे या पद्धतीला वाळवण म्हणतात, आणि झटपट पास्त्याची कुळकथा वाळवणाच्याच वंशावळीत शोधायला हवी.

छत्रपती संभाजीनगरात जालना रस्त्याच्या दक्षिणेला, गारखेडा परिसरात पुंडलिकनगर आहे. लहान लहान प्लॉटांवर दाटीनं उभी राहिलेली ही वस्ती आहे. चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांमुळे, शिक्षणामुळे आणि दुष्काळामुळेही जालना, बीड, परभणीकडची कुटुंबं या शहरात येत राहिली आणि अशा वसाहती भरत गेल्या. इथल्या गच्च्यांवर उन्हाळ्यात कुरडया, पापड, शेवया वाळत असतात आणि त्याच घरांच्या फ्रीजरमध्ये चिकन सॉसेजचं पाकीट असतं. या दोन गोष्टी दोन पिढ्यांच्या म्हणून वेगळ्या मांडायची सवय आपल्याला आहे. किराणा दुकानाची फळी मात्र ही फाळणी मानत नाही. हैदराबादच्या बांबिनोचंच उदाहरण घ्या. निजामी राज्याच्या जुन्या राजधानीतली ही कंपनी शेवयाही विकते आणि मॅकरोनीही. त्यात नवल काही नाही, कारण दोन्हींना कच्चा माल गव्हाचा, कृती घट्ट मळलेला गोळा छिद्रांतून दाबून काढण्याची आणि शेवट वाळवण्याचा. गावाकडे बाजेला घट्ट बसवलेलं, दांड्यानं फिरवायचं शेवयांचं यंत्र आणि सतराव्या शतकात नेपल्समध्ये पास्त्यासाठी वापरात आलेला स्क्रूचा दाब, यांचंही तत्त्व एकच आहे.

इटलीतसुद्धा वाळवलेल्या पास्त्याची सुरुवात ताटात नाही, गलबतात झाली. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी अल-इद्रिसी या अरब भूगोलज्ञानं ११५४ मध्ये जो ग्रंथ पुरा केला, त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया या गावाची नोंद आहे. तिथं ‘इत्रिय्या’ नावाचा शेवयांसारखा जिन्नस भरपूर बनतो आणि मुसलमान-ख्रिस्ती दोन्ही मुलखांत जहाजं भरभरून जातो, असं तो सांगतो. ताज्या कणकेच्या फिती जहाजावर दोन दिवसही टिकल्या नसत्या. जिनोव्हात १२७९ मध्ये एका सैनिकाच्या मालमत्तेची यादी झाली, तीत मॅकरोनीनं भरलेली टोपली चीजवस्तूंबरोबर मोजलेली आहे. जे टिकत नाही त्याची कोणी मालमत्तेत नोंद करत नाही. मार्को पोलोनं चीनहून पास्ता आणला ही गोष्ट याच दोन तारखांवर कोसळते, कारण तो परतला १२९५ मध्ये. त्या गोष्टीला पंख फुटले ते अमेरिकेतल्या मॅकरोनी कारखानदारांच्या ‘मॅकरोनी जर्नल’ या मासिकानं १९२९ मध्ये ती रंगवून छापली तेव्हा. पदार्थाला मूळपुरुष चिकटवण्याची हौस आपल्यालाही कमी नाही. औरंगाबादचा, म्हणजे या संभाजीनगरचाच, नान-खलिया महंमद तुघलकाच्या फौजेबरोबर आला, ही कथा त्याच जातीची.

पंधराव्या शतकातला इटालियन बल्लव मास्टर मार्तिनो यानं सिसिलियन मॅकरोनीची कृती लिहून ठेवली आहे. कणीक बारीक लोखंडी तारेभोवती वळायची, तार ओढून घ्यायची, उरलेली नळी उन्हात वाळवायची, आणि ऑगस्टच्या चांद्रमासात केली तर ती दोन-तीन वर्षं टिकते, असा त्याचा दावा. वऱ्हाडातल्या वाचकाला इथं थांबावंसं वाटेल, कारण ही जवळजवळ सरगुंड्यांची कृती आहे. तिथं तारेऐवजी बारीक काडी असते. काडीवर कणकेची दोरी गुंडाळायची, काडी काढून घ्यायची, पोकळ वेटोळं वाळू द्यायचं आणि पुढे कधीतरी उकडून आमरसाशी किंवा गुळवणीशी वाढायचं. सिसिलीतल्या त्रापानीकडची बुझियाते आजही अशीच सळईवर वळतात. यावरून लगेच ‘पास्ता मूळचा आमचाच’ अशी पताका लावू नये. गव्हाची घट्ट कणीक आणि कडक ऊन एकत्र आलं की माणसं तिला काडीवर गुंडाळणारच, त्यासाठी एकानं दुसऱ्याकडून शिकायला लागत नाही. मात्र हे आपल्याकडे अलीकडे आलं नाही, याला लेखी आधार आहे. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात सेविकेची कृती येते, ती अशी: मैद्याच्या जवाएवढ्या बारीक वळ्या करायच्या, वाळवायच्या, दुधात शिजवायच्या आणि तूप-साखर घालून खायच्या. रुखवतात मांडायचे गव्हले याहून निराळे नाहीत. बोटवे, नखुल्या, मालत्या ही सारी वळवटाची मंडळी म्हणजे बोटांनी आकार दिलेला, वाळवून ठेवलेला पास्ताच.

वाळवणं म्हणजे नुसतं उन्हात टाकणं नव्हे, हे दोन्हीकडच्या कारागिरांना ठाऊक होतं. पास्ता बाहेरून झपाट्यानं सुकला आणि आत ओला राहिला तर त्याला बारीक तडे जातात आणि उकळताना तो मोडतो. म्हणून नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावात तो टप्प्याटप्प्यानं वाळवत. आधी वरची साल धरू द्यायची, मग गार जागी ठेवून आतला ओलावा बाहेरच्या अंगाशी येऊ द्यायचा, आणि त्यानंतर शेवटचं वाळवण. मराठवाड्यात हातशेवया काठीवर सावलीत, कापडाखाली सुकवतात आणि कुरडयांना मात्र थेट ऊन देतात, त्यामागे हीच समज आहे. शेवईत पीठ असतं, ते चिवट राहायला हवं. कुरडईत गव्हाचा चीक, म्हणजे मुख्यतः स्टार्च असतो, आणि ती तळून फुलायला कडकडीत वाळलेली लागते. कारखान्यात आज हेच काम तापमान आणि दमटपणा ठरवून काही तासांत होतं आणि ओलावा सुमारे बारा टक्क्यांवर आणून थांबवतात. त्या पातळीला बुरशी धरत नाही.

पण मार्तिनोच्याच कृतीत एक अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. ही वाळलेली मॅकरोनी तो दोन तास शिजवायला सांगतो. मग वाळवणाचा आणि झटपटपणाचा संबंध काय राहिला? उत्तर असं की वाळवणानं आधी हात वाचवले, जळण नंतर. दोन तास उकळणाऱ्या भांड्यापाशी कुणाला बसावं लागत नाही. पीठ चाळणं, मळणं, वळणं यांना मात्र माणूस अडकतो. ते काम ज्या दिवसांत ऊन आहे आणि शेतात काम थोडं आहे त्या दिवसांत उरकून टाकायचं, ही युक्ती आधीची. विजेवरचे साचे, नळीची पातळ आणि एकसारखी भिंत, दाताला किंचित लागेल इतपतच शिजवण्याची रुची आणि गॅसची आच यांनी पुढे त्या दोन तासांची दहा-बारा मिनिटं केली. शेवई बारीक, म्हणून आपल्याकडे हा फायदा पहिल्यापासूनच मिळत होता. अवचित व्याही दारात आले, जावई मुक्कामाला राहिला, तर पुरण घालायला वेळ नसे. आधण ठेवायचं, शेवया सोडायच्या, निथळायच्या, गूळ, तूप आणि दूध घालायचं. मराठवाड्यातलं ते झटपट जेवणच होतं. फक्त त्याच्या मागे चैत्र-वैशाखातले दिवस होते. गहू ओलवून दळणं, वस्त्रगाळ करून सपीट आणि रवा वेगळा काढणं, पाटावर तळहातानं शेवया ओढणं, आणि या सगळ्याला गल्लीतल्या पाच-सहा बायकांची आळीपाळी. त्याचा मोबदला कुणी धरत नसे, म्हणून तो वेळही मोजला गेला नाही. ‘आताच्या पोरींना कष्ट नकोत’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. ज्या बाईनं वैशाखात शेवया केल्या तिलाही श्रावणातल्या संध्याकाळी कष्ट नकोच होते, त्याचसाठी तर तिनं वैशाख घालवला. पुंडलिकनगरातली नोकरी करणारी बाई पाकिटाची पेने घेते तेव्हा वैशाखाचा तो दिवस ती पैसे देऊन विकत घेते. पहिल्या व्यवहारापेक्षा दुसऱ्यात निदान मजुरी तरी कुणाच्या हातात पडते.

यावर जाणकारांचा आक्षेप गव्हाचा असतो. खरा पास्ता डुरम गव्हाचा, आपल्या शेवया पोळीच्या गव्हाच्या, तेव्हा नातं कसलं? हा आक्षेप दख्खनच्या शेतीवर अन्याय करतो. काळ्या रेगूर जमिनीत, पावसाच्या ओलीवर येणारा बन्सी गहू डुरमच आहे, आणि बक्षीही त्याच घराण्यातला. टणक दाणा, पिवळसर रवा, चिवट कणीक हे त्याचे गुण, आणि शेवया-कुरडयांसाठी गृहिणी तो मागून घेत त्या या गुणांसाठीच. निफाडच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेला पंचवटी हा डुरम वाण आजही रवा, शेवया आणि कुरडईसाठी चांगला म्हणून सांगितला जातो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं एमएसीएस ४०२८ हा जास्त प्रथिनांचा डुरम वाण दिला आहे. बागायत वाढली, सरबती आणि लोकवन दुकानोदुकानी झाले, तेव्हा बन्सी मागे पडला, हे खरं. पण तो आपल्याकडे नव्हताच असं म्हणता येत नाही.

आता सॉसेज. क्रीम आणि सॉसेज यांची पास्त्याशी इटलीतली गाठ शोधायची तर उम्ब्रियातल्या नोर्चा या गावाकडे जावं लागतं. तिथले डुक्कर कापणारे आणि मांस मुरवणारे कसबी इतके नावाजलेले, की इटलीभर या धंद्याच्या माणसाला ‘नोर्चिनो’ म्हणतात आणि सॉसेज-क्रीमच्या पास्त्यालाही त्या गावाचंच नाव आहे. आपल्या भाषिक शेजारात हे कसब गोव्यात आहे. डुकराचं मांस, मीठ, व्हिनेगर, लसूण आणि पोर्तुगीजांबरोबर आलेली मिरची, हे मुरवून आतड्यात भरायचं, माळेसारखं बांधायचं, ऊन आणि धूर द्यायचा. असं चौरिस पावसाळ्याच्या बेगमीला असतं, आणि त्या बेगमीसाठी मडगावात मे महिन्यात पुरुमेंताचं फेस्त भरतं. म्हणजे घाटावर कुरडया वाळतात त्याच दिवसांत किनाऱ्यावर चौरिस वाळतं. आतडं भरण्याची कल्पना मात्र पोर्तुगीजांनी आणली नाही. बाराव्या शतकात, मराठवाडा ज्यांच्या राज्यात होता त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वरानं ‘मानसोल्लास’ रचला. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात आतडी मसाला घालून भरण्याची आणि निखाऱ्यावर भाजण्याची कृती आहे. राजाच्या मुदपाकखान्यात ते मानाचं अन्न होतं.

राजाच्या ताटाबाहेर मांस टिकवण्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती मराठवाड्याची जास्त खरी आहे. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकानं महार-मांग घरांतलं जेवण सविस्तर छापलं. त्यात चान्या आहेत, म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या कापून, दोरीवर वाळवून ठेवलेल्या. ताजं मांस वाट्याला येईल तेव्हा येई आणि एकदम येई. फ्रीज नव्हता, तेल महाग होतं. चान्या हव्या तेव्हा काढून शिजवता येत. सॉसेजची जन्मकथाही अशाच गरजेची आहे. जनावराचे जे तुकडे वेगळे विकता येत नाहीत ते बारीक करून टिकवायचे. फरक पडला तो मानाचा. नोर्चाच्या माळा दुकानाच्या दर्शनी भागात लटकल्या आणि चान्यांची दोरी गावकुसाबाहेरच राहिली. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं, त्यामागे हीच मानहानी होती. पुढे २०१५ मध्ये लागू झालेल्या कायद्यानं राज्यात बैलाच्या मांसावरही बंदी आली. आज पुंडलिकनगरच्या फ्रीजरमधलं सॉसेज कोंबडीचं असतं, आणि त्याचं एक कारण उघड आहे: डुक्कर किंवा बैल म्हटलं की या शहरात कुणाचं ना कुणाचं ताट बाजूला सरतं, कोंबडीचं तसं होत नाही. चव म्हणाल तर ते चौरिसच्या जवळपासही नाही. बर्फाबरोबर गुळगुळीत वाटलेलं मांस, नायट्राइटनं राखलेला गुलाबी रंग, सौम्य मसाला. काप करून तव्यावर दोन्ही बाजूंनी तपकिरी होईपर्यंत ठेवले नाहीत, तर क्रीममध्ये ते रबरासारखे लागतात. या पदार्थात घाई करू नये अशी जागा हीच.

क्रीमवर मात्र इटलीतलेच लोक नाक मुरडतात. रोमच्या आल्फ्रेदो दी लेलिओचा प्रसिद्ध पास्ता लोणी आणि पार्मेजानो चीजचा होता, त्यात क्रीम अमेरिकेनं घातलं, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. आपल्याकडचा ‘व्हाइट सॉस’ तर इटलीहून जास्त फ्रान्सचा. चरबीत पीठ परतून पातळ पदार्थ दाट करण्याची रीत ला वारेन या फ्रेंच आचाऱ्याच्या १६५१ च्या ग्रंथात आहे. पण पीठ लावणं मराठी घराला कुणी शिकवावं लागत नाही. कढीच्या ताकाला बेसन लावतात ते नुसतं दाटपणासाठी नसतं. तापलेल्या ताकातली प्रथिनं एकमेकांना चिकटून फुटतात, पिठातला स्टार्च त्यांच्या मध्ये येतो आणि कढी एकजीव राहते. टोमॅटो घातलेल्या पास्त्यात दूध ओतलं तर ते याच कारणानं फाटतं. पंचवीस टक्के स्निग्धांशाचं बाजारचं क्रीम सहसा फाटत नाही, कारण त्यात स्निग्ध पदार्थाच्या मानानं प्रथिन थोडं असतं. आणि पास्त्याचं पाणी राखून ठेवलं तर क्रीम निम्म्यावर आणता येतं, कारण बेसनाचं काम त्या पाण्यातला स्टार्च करतो.

या पाण्याशी पुंडलिकनगरचा थेट संबंध येतो. शंभर ग्रॅम पास्त्याला लिटरभर पाणी आणि ते शेवटी मोरीत, असा इटालियन दंडक आहे. संभाजीनगरला पाणी पैठणच्या जायकवाडीहून येतं आणि गेली कित्येक वर्षं नळ काही काही दिवसांच्या अंतरानं सुटतो. टाक्या, पिंपं, कॅन भरून ठेवणाऱ्या घरात तो दंडक चालत नाही आणि चालायचीही गरज नाही. पास्ता बुडेल इतक्याच पाण्यात, हलवत, पाणी न टाकता शिजवला तर सगळा स्टार्च भांड्यातच राहतो आणि वरून थोडं क्रीम पुरतं. मराठवाड्याला ही रीत नवी नाही. वरणफळं आमटीतच शिजतात, हुलग्याचे शेंगोळे लसणाच्या तिखट रश्शातच शिजतात, आणि दोन्हींचा दाटपणा त्यांच्याच पिठातून येतो. जाणकार याला चुकीचा पास्ता म्हणतील. शिजण्याच्या वेळेकडे लक्ष असेल तर दाताला लागणारा तो टणकपणा याही रीतीनं साधतो. त्यापलीकडे त्या दंडकाची बाजू घेण्यासारखं फारसं उरत नाही.

राहिला शेवटचा आक्षेप: शेवया गोड, पास्ता खारट आणि त्यात मांस, वर दूध. वैद्यकात दूध आणि मासे एकत्र वर्ज्य आहेत, आणि तो निषेध पुष्कळ घरांत सरसकट मांसापर्यंत ताणला गेला. पण ज्या शहरात मलई-दह्याचा कोरमा पिढ्यान्‌पिढ्या शिजतो तिथं हा निषेध कुणाच्या घरी पाळला जातो आणि कुणाच्या नाही एवढंच पाहायचं उरतं. गोड-खारट हा भेद रुचीचा आहे, कुळाचा नाही. उपम्यासारख्या तिखट शेवया आता सगळीकडे होतातच. तरीही क्रीम-सॉसेजमध्ये शेवया घालून चालणार नाहीत, कारण त्या फार बारीक असतात, दाट रस धरून न ठेवता त्यातच विरतात आणि पाच मिनिटांत लगदा होतो. या कामाला जाड भिंत हवी आणि आत रस शिरायला पोकळी हवी. सरगुंड्यांत दोन्ही आहेत. अडचण एवढीच की ती अजून बहुतेक घरीच वळावी लागतात आणि एका माणसापुरती वळायलाही दुपार जाते.